टीजीएफ-बीटा आणि किडनीतला व्रण: एका 'म्हणून'ची गोष्ट

किडनीच्या जुनाट आजारावर काम करणाऱ्या लॅबमध्ये तुम्ही पीएचडीच्या मुलाखतीला गेलात, तर एक प्रश्न येण्याची शक्यता फार मोठी आहे: "टीजीएफ-बीटा काय करतं?" आणि बहुतेक जण देतात ते उत्तर असं: "ते फायब्रोसिस घडवतं, म्हणून त्याला अडवलं की फायब्रोसिस थांबतो." यातला स्वल्पविरामाच्या आधीचा भाग बरोबर आहे. नंतरच्या भागावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत भरपूर पैसा, असंख्य उंदीर आणि काहीशे रुग्णांची आशा खर्ची पडली. तरीही टीजीएफ-बीटाला थेट अडवणारं औषध किडनीच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर आलेलं नाही. हा लेख त्या 'म्हणून'बद्दल आहे.

सेल सिग्नलिंगचा धडा एमएस्सीला झाला असेल तर वाचायला सोपं जाईल. नसेल झाला तरी हरकत नाही, लागेल ते इथेच सांगते.

आधी किडनी. एका किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा एक गुच्छ (ग्लोमेरुलस) आणि त्याला जोडलेली लांबलचक नलिका. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा या नलिका परत शोषून घेतात. लघवीवाटे बाहेर पडतं ते फक्त दीड-दोन लिटर. माणसात जन्मानंतर नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत. एक गेला की त्याचं काम उरलेल्यांवर पडतं, ते जास्त राबतात आणि त्यामुळे तेही लवकर थकतात.

नलिकांच्या मधे जी अरुंद जागा असते तिला इंटरस्टिशियम म्हणतात. निरोगी किडनीत तिथे बारीक रक्तवाहिन्या आणि थोड्याशा फायब्रोब्लास्ट पेशी असतात. जुनाट आजारात ही जागा कोलॅजेनच्या तंतूंनी भरत जाते, नलिका एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात, रक्तवाहिन्या विरळ होतात. हाच फायब्रोसिस. मूळ आजार मधुमेह असो, रक्तदाब असो, मूतखड्याने अडलेली वाट असो की ग्लोमेरुलसचा दाह, शेवटच्या टप्प्यातल्या बायोप्सीत चित्र बरंचसं सारखं दिसतं. किडनीचं किती काम उरलंय याचा अंदाज ग्लोमेरुलसच्या नुकसानीपेक्षा या मधल्या जागेतल्या व्रणावरून जास्त नीट लागतो. आणि हा व्रण उलटवायची सोय आज नाही. शेवटी डायलिसिस किंवा प्रत्यारोपण एवढेच मार्ग राहतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास मशीनला जोडून घेणारा माणूस ज्यांच्या घरात आहे, त्यांना यापुढे काही सांगायला नको.

आता टीजीएफ-बीटा. पूर्ण नाव 'ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर बीटा'. नावावर जाऊ नका. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये अनिता रॉबर्ट्स आणि मायकेल स्पॉर्न यांचा गट एका विचित्र गुणधर्माच्या मागे होता. निरोगी पेशींना वाढायला चिकटण्यासाठी पृष्ठभाग लागतो, कर्कपेशींना लागत नाही. त्या मऊ अगारमध्ये तरंगत्या अवस्थेतही गोळे करून वाढतात. निरोगी पेशींनाही असं वागायला लावणारा घटक कोणता, हा त्यांचा प्रश्न. ही परीक्षा ज्या पेशींवर व्हायची त्या होत्या निरोगी रॅटच्या किडनीतल्या फायब्रोब्लास्ट पेशी. म्हणजे हे प्रथिन कर्करोगाच्या शोधात सापडलं, पण ओळखलं गेलं ते किडनीच्या पेशींनी दिलेल्या प्रतिसादावरून! योगायोगच, पण मला आवडणारा. पुढे कळलं की एपिथेलियल पेशींना हेच प्रथिन दिलं तर त्यांचं विभाजन थांबतं. 'ग्रोथ फॅक्टर' म्हणवणारं प्रथिन वाढ थांबवतंय. ग्रोथ फॅक्टरचं नाव तो कोणत्या परीक्षेत सापडला ते सांगतं, तो शरीरात काय करतो ते नाही. त्यामुळे नावावरून काम ताडण्याची सवय आत्ताच सोडा.

पेशीच्या आत काय होतं ते पटकन पाहू, कारण हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. टीजीएफ-बीटा पेशीच्या पृष्ठभागावरच्या दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरला चिकटतं. तो पहिल्या प्रकारच्या रिसेप्टरला जवळ ओढून त्याला फॉस्फेट लावतो. जागा झालेला पहिला रिसेप्टर आतल्या स्मॅड२ आणि स्मॅड३ या प्रथिनांना फॉस्फेट लावतो. ती स्मॅड४ला सोबत घेऊन केंद्रकात जातात आणि कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन, पीएआय-१ अशी जनुकं चालू करतात. यातलं पीएआय-१ हे तंतू विरघळवणाऱ्या यंत्रणेला रोखतं. म्हणजे एकीकडे माल जास्त बनतो, दुसरीकडे उचलला जाण्याचा वेग मंदावतो. त्याच वेळी स्मॅड७ही तयार होतं आणि ते याच मार्गाला ब्रेक लावतं. सिग्नल स्वतःच्या थांबण्याची व्यवस्था बरोबर घेऊन येतो, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

जास्त महत्त्वाचा भाग पेशीच्या बाहेर आहे आणि विद्यार्थी नेमका तोच गाळतात. टीजीएफ-बीटा पेशीतून बाहेर पडतं ते झोपलेल्या, म्हणजे लेटंट रूपात. त्याच्याच जनुकातून बनलेला एक तुकडा त्याच्याभोवती वेटोळं घालून बसलेला असतो आणि हे गाठोडं पेशींबाहेरच्या जाळीला बांधलेलं असतं. तो तुकडा दूर झाल्याशिवाय रिसेप्टरला चिकटणारा भाग उघडा पडत नाही. गॅसचा सिलिंडर घरात असणं आणि शेगडी पेटलेली असणं यात जो फरक, तोच लेटंट आणि सक्रिय टीजीएफ-बीटात आहे. शेगडी पेटवणारे अनेक आहेत: थ्रॉम्बोस्पॉन्डिन, काही प्रोटिएज, आणि इंटिग्रिन. एपिथेलियल पेशींवरचं अल्फा-व्ही-बीटा-६ हे इंटिग्रिन त्या वेटोळ्याला धरून अक्षरशः ओढतं. ओढलं जायला दुसरं टोक घट्ट बांधलेलं हवं, म्हणजे आजूबाजूची जाळी जितकी ताठ तितकं टीजीएफ-बीटा सुटणं सोपं. व्रणामुळे ऊती ताठ होते, ताठ ऊतीत सिग्नल जास्त सुटतो, त्यातून आणखी व्रण. दुष्टचक्र म्हणतात ते हेच.

रक्तात किती टीजीएफ-बीटा आहे यावरून किडनीचं भवितव्य सांगता येतं का? दोन प्रयोग शेजारी ठेवून बघा. १९९०च्या दशकाच्या मध्यात काही उंदरांच्या यकृतात टीजीएफ-बीटा१ सक्रिय रूपात जास्त बनेल अशी सोय केली गेली. ते रक्तातून फिरलं आणि त्या उंदरांच्या ग्लोमेरुलसमध्ये व्रण तयार झाले. नंतर २०००च्या दशकात दुसऱ्या गटाने उंदरांच्या त्वचेत लेटंट रूपातलं टीजीएफ-बीटा१ जास्त बनवलं. त्यांच्याही रक्तात पातळी वाढली, पण किडनीला इजा केल्यावर या उंदरांत दाह आणि फायब्रोसिस साध्या उंदरांपेक्षा कमी निघाला. प्रथिन एक, रक्तातली पातळी दोन्हीकडे वाढलेली, परिणाम उलटे. त्यामुळे "रुग्णांच्या रक्तात टीजीएफ-बीटा वाढलेलं आढळलं" असं वाक्य वाचलं की लगेच विचारायचं: कोणत्या रूपातलं?

मग व्रण का?

खरं तर टीजीएफ-बीटा बिचारं दुरुस्तीचंच काम करत असतं. हाताला कापलं की प्लेटलेट्स ते सोडतात, फायब्रोब्लास्ट जागे होऊन मायोफायब्रोब्लास्ट बनतात, तंतू विणतात, जखमेच्या कडा ओढून धरतात. काम झालं की त्यातल्या बऱ्याच मरतात किंवा शांत होतात. किडनीतही इजा छोटी आणि एकदाच झाली तर गोष्ट अशीच संपते. प्रश्न येतो तो इजा रोज होत राहते तेव्हा. मधुमेहात वाढलेली साखर ग्लोमेरुलसच्या मेसँजियल पेशींना टीजीएफ-बीटा जास्त बनवायला लावते. रक्तदाबाशी संबंधित अँजिओटेन्सिन-२ हेच करतं. मेसँजियल पेशींवर ते थेट घातलं की टीजीएफ-बीटा१ वाढतं, हे १९९४ साली दाखवलं गेलं. ब्रेक लावणारं स्मॅड७ एकदाच्या धक्क्यासाठी ठीक आहे, पण रोज पाय ॲक्सिलरेटरवरच असेल तर त्याने काय करायचं?

इजा थांबल्यावरही सिग्नल चालू राहण्याचं एक कारण २०१० साली बोस्टनमधल्या जोसेफ बोनव्हेंट्रे यांच्या गटाने दाखवलं. तीव्र इजेनंतर नलिकेच्या बऱ्याच पेशी विभाजनाच्या तयारीत असताना मधेच, जी२/एम या टप्प्यावर अडकून पडतात. पुढेही जात नाहीत, मरतही नाहीत, आणि अडकल्या अवस्थेत टीजीएफ-बीटासारखे घटक सोडत राहतात. सौम्य इजेत असं फारसं घडलं नाही, आणि तिथे फायब्रोसिसही झाला नाही. मला हा या क्षेत्रातला सर्वांत सुंदर शोधनिबंध वाटतो, कारण "किती वेळ?" या प्रश्नाला त्याने एक दिसणारी, मोजता येणारी पेशी दिली.

उंदरांत जमलं, माणसांत का नाही?

१९९० साली वेन बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग मांडला. रॅटमध्ये मेसँजियल पेशींवर हल्ला करणारा सिरम टोचला की ग्लोमेरुलस तंतुमय द्रव्याने भरू लागतो. त्याच प्राण्यांना टीजीएफ-बीटा१ निष्प्रभ करणारा सिरम दिला तर ती भर बरीच कमी झाली. इथून टीजीएफ-बीटा हे किडनीच्या आजाराचं 'लक्ष्य' झालं. पण एक बारीक गोष्ट बघा: एकाच मात्रेने केलेली ही इजा रॅटमध्ये काही आठवड्यांत बऱ्याच अंशी आपोआप भरून येते. माणसाची वीस वर्षांच्या मधुमेहाने झिजलेली किडनी तशी भरून येत नाही. प्रयोग चोखच होता. त्यातून नंतरच्यांनी काढलेला निष्कर्ष त्याच्या मापापेक्षा मोठा होता.

२००० साली मधुमेही उंदरांवरचा प्रयोग आला. टीजीएफ-बीटाविरोधी अँटिबॉडी आठ आठवडे दिल्यावर मेसँजियल द्रव्याची वाढ आणि किडनीच्या कामातली घट, दोन्ही टळलं. पण लघवीतून जाणारं अल्ब्युमिन काही खास कमी झालं नाही. आता आठवा, मधुमेही रुग्णाची किडनी बिघडतेय हे डॉक्टरांना सर्वांत आधी कशावरून कळतं? त्या अल्ब्युमिनवरूनच. म्हणजे गाळणीच्या गळतीचा भाग टीजीएफ-बीटा अडवून सुटत नाही याची खूण तिथेच दिसत होती. अशा ओळी निष्कर्षांच्या मधल्या परिच्छेदात असतात, सारांशात पटकन डोळ्यांत भरत नाहीत. जर्नल क्लबला निबंध घ्याल तेव्हा मधले परिच्छेद सोडू नका.

माणसांवरची मोठी चाचणी एली लिली कंपनीच्या अँटिबॉडीची झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजीच्या जर्नलमध्ये आले. मधुमेही किडनी आजार असलेले ४१६ रुग्ण, टीजीएफ-बीटा१ला पकडणारी अँटिबॉडी एका बाजूला, दुसऱ्या बाजूला औषध नसलेलं इंजेक्शन. फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. रक्तातल्या क्रिएटिनिनच्या वाढीत दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक नव्हता.

का? माझ्या मते तीन गोष्टी एकत्र आल्या. या रुग्णांचं क्रिएटिनिन सुरुवातीलाच वाढलेलं होतं, म्हणजे व्रण आधीच बसला होता. नवे तंतू बनणं थांबवलं तरी जुने कुठे जाणार? दुसरं, हे सगळे रुग्ण अँजिओटेन्सिनचा मार्ग अडवणारी औषधं आधीपासून घेत होते, आणि ती टीजीएफ-बीटाही थोडं कमी करतात. १९९३ सालच्या कॅप्टोप्रिल चाचणीत टाइप-१ मधुमेहाच्या ४०९ रुग्णांत क्रिएटिनिन दुप्पट होण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला होता. २००१ साली टाइप-२च्या १५१३ रुग्णांत लोसार्टननेही आजाराची वाटचाल मंदावली. यातलं श्रेय रक्तदाबाला किती, ग्लोमेरुलसमधल्या दाबाला किती आणि टीजीएफ-बीटाला किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. पण नव्या औषधाला करायला उरलेलं काम कमी होतं हे नक्की. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि त्यासाठी जरा थांबायला लागेल.

अँटिबॉडी टीजीएफ-बीटाला ते सक्रिय रूपात असताना पकडते. पण सक्रिय होणं घडतं पेशीला खेटून, अगदी थोड्या जागेत, थोडा वेळ. आणि समजा पकडलंच, तर ते सगळ्याच पेशींसाठी पकडलं जातं. सगळ्या पेशींत ते वाईटच काम करतं असं गृहीत धरलं तरच हे शहाणपणाचं. ते गृहीतक उंदरांनी केव्हाच मोडून काढलं आहे.

सुरुवात १९९२पासून करा. टीजीएफ-बीटा१चं जनुकच काढून टाकलेले उंदीर जन्माला आले, आणि साधारण तीन आठवड्यांत अवयवोअवयवी भडकलेल्या दाहाने मेले. हे प्रथिन रोगप्रतिकारक पेशींना आवरून धरतं. सरसकट काढलं तर रोगापेक्षा औषध भयंकर. मग २००३ साली फक्त स्मॅड३ नसलेल्या उंदरांची मूत्रवाहिनी बांधली तेव्हा फायब्रोसिस बराच कमी झाला. वा! पण २०१० साली नलिकेच्या पेशींतून फक्त स्मॅड२ काढलं तर फायब्रोसिस वाढला. एकाच रिसेप्टरकडून एकाच वेळी फॉस्फेट घेणारे हे दोन भाऊ, आणि काम उलटं.

त्याच २०१० साली आणखी एक निष्कर्ष आला. मूत्र गोळा करणाऱ्या नलिकांमधून दुसऱ्या प्रकारचा रिसेप्टर काढला, म्हणजे त्या पेशींना टीजीएफ-बीटा ऐकूच येणार नाही असं केलं. फायब्रोसिस कमी व्हायला हवा होता, तो वाढला. त्या बहिऱ्या झालेल्या पेशींच्या शेजारी सक्रिय टीजीएफ-बीटा जास्त झालं आणि शेजारच्या मधल्या पेशींनी ते ऐकलं. आता तुम्ही म्हणाल, मग रिसेप्टर त्या मधल्या, तंतू बनवणाऱ्या पेशींतूनच काढा की! २०१५ साली तेही करून झालं. फायब्रोसिस कमी झाला नाही. पाठ्यपुस्तकातल्या बाणांच्या आकृतीप्रमाणे हे व्हायला नको होतं, आणि झालं.

याचा अर्थ टीजीएफ-बीटा निर्दोष आहे असा नाही. तंतू बनवायचा हुकूम पेशीला इतर वाटांनीही पोचतो, पीडीजीएफसारखे दुसरे ग्रोथ फॅक्टर आहेत, ताठ ऊतीचा स्वतःचा ताण आहे. एक वाट बंद केली की बाकीच्या वाटांवर वर्दळ वाढते. एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरच्या रिसेप्टरचीही गोष्ट अशीच दुहेरी आहे. तीव्र इजेनंतर नलिकांना भरून यायला तो लागतो, नलिकेच्या पेशींतून काढला तर उंदीर सावकाश बरे होतात. पण तोच आठवडेच्या आठवडे चालू राहिला तर फायब्रोसिस. आणि व्हीईजीएफच्या बाबतीत तर कर्करोगाच्या रुग्णांनी किंमत मोजून दाखवलं: ट्यूमरच्या रक्तवाहिन्या रोखायला दिलेल्या बेव्हासिझुमॅबने काहींच्या ग्लोमेरुलसमध्ये बारीक गुठळ्या झाल्या, कारण तिथल्या केशवाहिन्यांना जगायला तेच व्हीईजीएफ शेजारच्या पोडोसाइट पेशींकडून रोज लागतं. २००८ साली हे उंदरांत आणि सहा रुग्णांत सोबतच दाखवलं गेलं.

जाता जाता एका जुन्या भांडणाबद्दल, कारण मुलाखतीत तेही विचारतात. तंतू बनवणाऱ्या मायोफायब्रोब्लास्ट येतात कुठून? २००२ साली असं मांडलं गेलं की इजा झालेल्या किडनीतल्या सुमारे एक तृतीयांश फायब्रोब्लास्ट नलिकेच्या पेशींनीच रूप बदलून बनलेल्या असतात. टीजीएफ-बीटा पेट्रीडिशमध्ये हे रूपांतर सहज घडवतं, त्यामुळे सगळ्यांना पटलं. २०१० साली पेशींचा वंश रंगाने माग काढत तपासला तेव्हा नलिकेच्या पेशी नलिकेतच राहिलेल्या दिसल्या, आणि बोट केशवाहिन्यांना बिलगून असणाऱ्या पेरिसाइट पेशींकडे गेलं. २०१५ साली दोन गटांनी सुवर्णमध्य काढला: नलिकेची पेशी अर्धवट बदलते, जागा सोडत नाही, पण तिथूनच शेजाऱ्यांना भडकवते. २०२१ साली मानवी किडन्यांतल्या एकेका पेशीचं आरएनए वाचलं गेलं. त्यातही बहुतांश मायोफायब्रोब्लास्ट फायब्रोब्लास्ट आणि पेरिसाइटपासून आल्याचंच दिसलं. डिशमध्ये जे घडू शकतं ते किडनीत घडतंच असं नाही. नुसत्या सेल लाइनवर सिनॉप्सिस उभा करत असाल तर बाह्यपरीक्षक इथेच पकडतील.

तुमच्या कामासाठी

आपल्याकडे बरेच जण पुण्याच्या एनसीसीएसमधून सेल लाइन मागवतात, टीजीएफ-बीटा१ घालतात, कोलॅजेन आणि फॉस्फो-स्मॅडचे बँड जाड झालेले दाखवतात, मग एखाद्या वनस्पतीचा अर्क घालून बँड बारीक झालेले दाखवतात. निबंध होतो. मी याला नावं ठेवत नाही, सुरुवात कुठून तरी करावी लागते आणि सगळ्यांकडे प्राणिगृह नसतं. पण पाच वर्षांची फेलोशिप याच एका बाणावर घालवायची का, हे नोंदणीच्या आधी गाइडशी बोलून घ्या. अर्क पहिल्या तासाला दिला की व्रण बसल्यावर दिला? स्मॅड३ कमी झालं, पण स्मॅड२चं काय, स्मॅड७चं काय? नलिकेच्या पेशी आणि फायब्रोब्लास्ट एकत्र वाढवल्या तर तोच परिणाम राहतो का? यातला एक प्रश्न जरी प्रामाणिकपणे घेतलात तरी काम वेगळं दिसेल.

मूत्रवाहिनी बांधण्याचं मॉडेल निवडणार असाल तर एक अडचण आधीच ओळखून ठेवा. एकच बाजू बांधलेली असते, दुसरी किडनी काम सांभाळून घेते, त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन फारसं वाढत नाही. सात ते चौदा दिवसांत झकास फायब्रोसिस मिळतो, पण "किडनीचं काम सुधारलं" असं या मॉडेलवरून म्हणता येत नाही. तेच म्हणायचं असेल तर मॉडेल दुसरं घ्या.

टीजीएफ-बीटाचं माप घेणं हा स्वतंत्र त्रास आहे. नेहमीच्या एलायझात नमुना आधी आम्लाने जागा करतात आणि मग उदासीन करतात. त्याने झोपलेलं सगळं जागं होतं, म्हणजे तुम्ही मोजता ते एकूण, सक्रिय नव्हे. सक्रियच मोजायचं तर आम्ल न घालता दुसरा नमुना लावा, आणि निबंधात कोणता आकडा कोणता ते स्पष्ट लिहा. पेशींच्या माध्यमातल्या गाईच्या वासराच्या सिरममध्ये लेटंट टीजीएफ-बीटा१ भरपूर असतं, आणि त्याचा सक्रिय भाग गाय-माणूस दोन्हींत हुबेहूब सारखा असल्यामुळे तुमचा किट दोघांत फरक करू शकत नाही. म्हणून सिरम नसलेल्या माध्यमात ठेवलेल्या पेशी, आणि पेशीच नसलेल्या नुसत्या माध्यमाचा कंट्रोल, दोन्ही हवेत. रुग्णांचं रक्त घेणार असाल तर सिरम नको, प्लाझ्मा घ्या: रक्त गोठताना प्लेटलेट्स फुटून इतकं टीजीएफ-बीटा बाहेर पडतं की किडनीचा आकडा त्यात बुडून जातो. प्लाझ्मातही प्लेटलेट्स राहू नयेत म्हणून दुसऱ्यांदा सेंट्रिफ्यूज करा, नळ्या थंड ठेवा, आणि हे सगळं नमुने गोळा करणाऱ्या टेक्निशियनदादांना पहिल्या दिवशीच समजावून सांगा. साठ रुग्णांचे नमुने डीप फ्रीझरमध्ये गेल्यावर त्यातून काहीच दुरुस्त करता येत नाही.